एक हात, तीन दुखणी

चिठ्ठीवर एका ओळीत सगळं उरकलं होतं: डाव्या स्तनाचा कर्करोग, उपचार पूर्ण, खांदा आखडला आहे, फिजिओथेरपी द्यावी. चिठ्ठी घेऊन आलेल्या काकू बावन्न वर्षांच्या. करवीर तालुक्यातलं गाव, घरी दोन म्हशी, थोडा ऊस. सोबत सून. ओळख पटू नये म्हणून घरचे-दारचे तपशील बदलले आहेत. काकूंचं सांगणं चिठ्ठीपेक्षाही आटोपशीर होतं: "हात उचलंना झालाय मॅडम. आनि दुखतोय असा, की नेमकं कुठं तेच सांगता येईना."

हे दुसरं वाक्य मी फाइलवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. स्तनाच्या कर्करोगानंतर हात दुखतो तेव्हा बहुतेक वेळा त्यात दोन-तीन निराळी दुखणी एकावर एक बसलेली असतात. मॅन्युअल थेरपी, म्हणजे थेरपिस्टने स्वतःच्या हातांनी करायचे उपचार, त्यातल्या एखाद्यालाच नीट लागू पडते. "जरा हातानं मोकळं करून द्या" म्हणणारे पेशंट आणि "कॅन्सरला मसाज चालत नाही" म्हणणारे नातेवाईक, दोघंही रोज भेटतात. काकूंच्या हातात दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आधी काय झालं होतं

दहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन. मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी: स्तन काढला, छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवला, काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या. मग केमो, त्यानंतर छातीला रेडिएशनचे १५ डोस. गाठ हार्मोनवर वाढणारी होती, म्हणून तीन-साडेतीन महिन्यांपासून रोज लेट्रोझोलची गोळी सुरू होती. ऑपरेशन, केमो, रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं होतं. हाताचा विचार त्यानंतर, घरच्या पैशातून.

वॉर्डात असताना भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम एकदा दाखवला होता. जखमेतलं पाणी काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, लावलेला, जखम ओली, त्यात लक्ष कुणाचं असणार? घरी आल्यावर केमोच्या उलट्या सुरू झाल्या आणि व्यायामाचा कागद ट्रंकेत गेला. येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगून गेली, "हात जपा, जड उचलू नका, सूज येते." काकूंनी हात इतका जपला की तो महिनोन्‌महिने पदराखाली पोटाशीच राहिला. भाकरी उजव्या हाताने थापायची, वेणी सुनेने घालायची, धार मुलाने काढायची.

त्यात आणखी एक भर पडली. दीर तरुणपणी तालमीत होते; काकूंना तिथल्या वस्तादांकडे नेलं गेलं. आपल्याकडे हात-पाय मुरगळला की लोक आधी वस्तादांकडे जातात आणि कितीतरींना गुण येतोही. ते मी नाकारत नाही. तिथे तेल लावून दंड आणि काख दोन दिवस जोर लावून रगडली गेली. हात जड झाला, कातडी हुळहुळी झाली, आणि काकूंनी त्यानंतर हात कुणाला लावूच दिला नाही. लाल मातीत मेहनत केलेल्या निरोगी दंडाला जो जोर मानवतो, तो इथे का मानवत नाही याची कारणं सरळ आहेत. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर त्या हातातून लसिका, म्हणजे पेशींभोवती साचणारं पाणी, वाहून जायच्या वाटा कमी झालेल्या असतात. रेडिएशन घेतलेली कातडी पातळ आणि कमी लवचीक असते. आणि काखेजवळचा काही भाग बधिर असल्याने जोर जास्त होतोय हे पेशंटला वेळेवर कळत नाही.

हात लावायच्या आधी

कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचं नवं दुखणं आधी कर्करोगाचं नाही ना, हे पाहायचं. म्हणून पहिल्या भेटीत टेबलावर झोपवायच्या आधी प्रश्न विचारले. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का? कूस बदलली तरी तसंच राहतं का? दिवसेंदिवस चढत चाललंय का? हाताची पकड गेली आहे का, वस्तू निसटतात का? मानेत, पाठीच्या मणक्यात ठणका आहे का? वजन उतरलं का? हात एकाएकी सुजून निळसर झाला होता का? हाडात पसरलेला आजार, मानेतून काखेत उतरणाऱ्या नसांच्या जाळ्यावर आलेला दाब, शिरेतली रक्ताची गुठळी, या तिन्हींची सुरुवात 'हात दुखतोय' अशीच होऊ शकते.

काकूंची उत्तरं दिलासा देणारी होती. तरी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी नुकतीच तपासणी केली होती. छातीच्या भिंतीवर, काखेत, गळ्याच्या हाडावर काही नव्हतं. हाताने उपचार करायला हरकत नाही, असं त्यांच्याकडून लेखी घेतलं. हा फोन मला टाळता येण्यासारखा वाटत नाही. पाच मिनिटं लागतात आणि नंतर पेशंट, डॉक्टर, थेरपिस्ट तिघंही एकाच फाइलवर चालतात.

तपासणी

डावा हात समोरून वर ११० अंशांपर्यंत जात होता, बाजूने ८५ पर्यंत. उजवा दोन्हीकडून १७० च्या आसपास. एवढ्यावर 'फ्रोजन शोल्डर' लिहून मोकळं होता आलं असतं. पण सांध्याचं आवरण खरंच आखडलं असेल तर कोपर कुशीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवताना तो सगळ्यात जास्त अडतो. काकूंचा तसा फिरवताना जेमतेम दहा अंश कमी भरला. म्हणजे सांधा मोकळा होता आणि अडकवणारं दुसरंच काहीतरी होतं.

मग एक साधी चाचणी केली. कोपर सरळ ठेवून हात बाजूने वर न्यायला सांगितला: ८५ अंश. तोच हात कोपरात वाकवून न्यायला सांगितला: ११० च्या पुढे. पुन्हा कोपर सरळ करून हात त्याच ८५ वर थांबवला आणि मनगट हलकेच मागे वाकवलं. काकू कळवळल्या आणि बोट काखेपासून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत ओढून दाखवलं. त्या स्थितीत काखेकडे उजेड धरला तर कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी एक रेघ स्पष्ट दिसत होती आणि तिच्या शेजारी दुसरी बारीक. याला ॲक्सिलरी वेब सिंड्रोम म्हणतात, बोलीत आम्ही 'कॉर्ड' म्हणतो. २००१ मध्ये एका अमेरिकन शोधनिबंधाने त्याला हे नाव दिलं. काखेच्या ऑपरेशननंतर बंद पडलेल्या लसिकावाहिन्या घट्ट होऊन हे होत असावं, असं बहुतेकांचं मत आहे. साधारणपणे ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कॉर्ड दिसते आणि बऱ्याच जणींत तीनेक महिन्यांत विरते. काकूंचा हात हललाच नव्हता; कॉर्ड राहिली होती.

कॉर्डच्या जोडीला छातीचा मोठा स्नायू. काखेची पुढची कड दोन बोटांत धरली की तो दोराच्या पिळासारखा घट्ट लागत होता, आणि दाबल्यावर खांद्याच्या पुढच्या बाजूला "हेच, हेच ते" असं दुखणं उमटत होतं. व्रणाचं काखेकडचं टोक खालच्या थराला चिकटलेलं होतं. हात वर नेताना खांद्याचं फळं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, लवकर उचललं जाऊन कानाकडे चढत होतं. कॉर्ड, स्नायू आणि व्रण मिळून झालं पहिलं दुखणं: ओढ बसणारं, ठरावीक हालचालीला येणारं.

दुसरं वेगळंच होतं. दंडाच्या आतल्या-मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग कापूस फिरवला तर बधिर, पण ब्लाउजची बाही घासली की तिथेच आग. हालचालीशी त्याचा संबंध नव्हता. काखेतून जाणारी इंटरकॉस्टोब्रेकियल नावाची बारीक नस ग्रंथी काढताना बऱ्याचदा ताणली किंवा कापली जाते. तिचा प्रदेश नेमका हाच. काकूंनी त्या बाहीला आतून जुन्या सुती धोतराचा तुकडा लावून घेतला होता. तो पाहिल्यावर वेगळं काही विचारावं लागलं नाही.

तिसरं दुखणं चिठ्ठीत नव्हतंच. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं वळत नव्हती, गुडघे धरले होते, अर्ध्या-पाऊण तासाने सुटत होते. डावा हात आधीच दुखता, म्हणून काकू ते त्याच खात्यात टाकत होत्या. पण उजवी बोटंही तशीच होती. "गोळी सुरू झाल्यापास्नं व्हय," सून म्हणाली. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे धरणं हा ओळखीचा दुष्परिणाम आहे.

सूज मात्र नव्हती. मनगटापासून दर दहा सेंटीमीटरवर दोन्ही हातांचा घेर मोजला; फरक कुठेही एक सेंटीमीटरपेक्षा जास्त नव्हता. ही मापं पहिल्या दिवशी घेऊन ठेवायची, म्हणजे पुढे 'हात जड वाटतोय' म्हटल्यावर तुलनेला काहीतरी असतं.

हातांनी काय केलं

पहिल्या दुखण्याला हात लागू होते. काकूंना उताणं झोपवून डाव्या हाताखाली दोन उशा, हात ओढ सुरू होण्याच्या जरा अलीकडे. छातीच्या स्नायूची कड अंगठा आणि बोटांत अलगद धरायची आणि थांबायचं. चोळायचं नाही. अर्ध्या-एक मिनिटात पकडीतला ताण सैल होतो, तेव्हा हात दोन-चार अंश पुढे न्यायचा. काखेच्या मागच्या कडेला तसंच. व्रणाच्या टोकाला सपाट बोटांनी कातडी खालच्या थरावरून सरकवायची: वर, खाली, तिरकी. तेल लावायचं नाही, कारण बोट घसरलं तर थर हलत नाही. कॉर्डवर दोन्ही हातांचे तळवे थोडं अंतर ठेवून टेकवायचे आणि मधली कातडी विरुद्ध दिशांना हळूच ताणून धरायची. काही थेरपिस्ट कॉर्ड मुद्दाम तोडतात. कधी ती आपोआप 'टक्‌' करून सुटते आणि हात एकदम मोकळा होतो, हे खरं आहे. मी जोर लावून तोडत नाही.

दुखण्याची मर्यादा दहापैकी तीन ठरवली होती. त्याच्यावर गेलं की काकूंनी टेबलावर थाप मारायची. सुरुवातीला त्या मारायच्याच नाहीत; सोसणं हाच उपचार, असा आपल्याकडच्या बायकांचा ठाम समज. "दुखल्याबिगार सुटतंय व्हय?" तेव्हा समजावलं: दुखलं की स्नायू स्वतःला वाचवायला आणखी घट्ट होतो, मग आपण दोघी एकमेकींच्या विरुद्ध ओढत बसतो.

मग कुशीवर झोपवून खांद्याचं फळं दोन्ही हातांत धरून फिरवायचं. काकूंना हे सगळ्यात आवडायचं. पाठीचे मणके कडकन मोडून द्यायचा प्रकार मात्र पूर्ण वर्ज्य. लेट्रोझोलने हाडांची घनता कमी होते आणि कर्करोग होऊन गेलेल्या माणसाच्या मणक्याशी असला जुगार खेळायचा नसतो.

दुसऱ्या दुखण्यावर दाबण्या-चोळण्याचा उपयोग नव्हता, उलट आग वाढली असती. तिथे रोज घरी करायचं काम दिलं: आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल, दिवसातून दोन-तीनदा दोन-दोन मिनिटं, म्हणजे नस स्पर्शाला पुन्हा सरावते. नसेच्या दुखण्याची गोळी लागेल का, हे डॉक्टरांना कळवलं. त्यांनी कमी मात्रेत सुरू केली. तिसऱ्या दुखण्यासाठी थेट डॉक्टरांना चिठ्ठी. सोबत रोजचं चालणं आणि हलके ताकदीचे व्यायाम. गोळीमुळे धरलेल्या सांध्यांचं दुखणं नियमित व्यायामाने कमी होतं, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२१ स्त्रियांवरच्या एका अमेरिकन चाचणीत दिसलं आहे.

हाताने केलेल्या उपचारांचा जीव केवढा, हेही सांगायला हवं. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी मायोफेशियल तंत्रावर, म्हणजे मी वर लिहिलेल्या प्रकारच्या हाताच्या कामावर, दोन निरनिराळ्या चाचण्या घेतल्या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत ते दिलं तेव्हा नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दुखणं टिकून राहिलेल्या ५० स्त्रियांच्या चाचणीत ते मिळालेल्या गटाची वेदना न मिळालेल्या गटापेक्षा नक्कीच जास्त कमी झाली, पण हाताने कामं करण्याच्या क्षमतेत दोन गटांत फरक नव्हता. माझा टेबलाजवळचा अनुभव याच्याशी जुळतो. हातांनी दुखणं कमी होऊन थोडी जागा मोकळी होते. ती दोन-तीन तासांत वापरली नाही तर दुसऱ्या दिवशी खांदा होता तिथे.

म्हणून टेबलावरून उठल्या उठल्या व्यायाम. उताणं झोपून काठीने दोन्ही हात वर. बोटं डोक्यामागे गुंफून कोपरं गादीकडे सोडायची. भिंतीवर बोटं चढवताना रोजच्या उंचीला खडूची खूण. नातवाने तिथे तारखा लिहायला सुरुवात केली आणि मग कुणाला आठवण करायची गरजच उरली नाही. रबरी पट्ट्याने फळं मागे खेचायचा व्यायाम थोडा उशिरा.

वजनावरून घरात भांडण झालं. सासूने किटली उचललेली पाहून सुनेने मला फोन केला. सूज येईल म्हणून वजन कायमचं बंद, हा सल्ला जुना झाला आहे. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. ज्यांनी देखरेखीखाली, अगदी हळूहळू वाढवत वजनं उचलली, त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. 'देखरेखीखाली' आणि 'हळूहळू' या दोन शब्दांवर सगळं आहे. आम्ही किटलीत अर्धा लिटर पाण्याने सुरुवात केली, हात जड वाटला नाही तर आठवड्याला थोडं पाणी वाढवायचं. वैरणीचा भारा डोक्यावर घ्यायचा नाही, हे मात्र बजावून सांगितलं.

मध्येच आलेलं विघ्न

चौथ्या आठवड्यात काकू वडापमधून उतरून आल्या तेव्हा डाव्या मनगटाला पदर गुंडाळलेला. दावं सोडताना म्हशीने हिसका दिला आणि कातडी खरचटली होती. खरचटल्याभोवती चार बोटं लाल, गरम, दंडाकडे सरकणारं, अंगात कणकण. त्या दिवशी हात लावला नाही. संसर्ग असलेल्या हातावर मसाज, ताण, पट्टी काहीही करायचं नसतं. त्याच तासाला डॉक्टर. अँटिबायोटिक वेळेत सुरू झाल्याने तोंडी गोळ्यांवर भागलं. ग्रंथी काढलेल्या हाताला असा संसर्ग पटकन पसरतो आणि त्यातूनच कायमची सूज सुरू होऊ शकते. गोठ्यात लांब रबरी हातमोजे, खरचटलं तर लगेच साबणाने धुऊन मलम, ताप आला तर वाट न बघणं, ही यादी काकूंनी सुनेकडून दाराच्या मागे लिहून घेतली.

दोन आठवडे फक्त साध्या हालचाली. त्यानंतर कोपराखालच्या घेरात डावीकडे दीड सेंटीमीटरचा फरक आला. दाब देणारी बाही मापाने मागवून दिवसा घालायला दिली. महिन्याभरात फरक पहिल्या दिवसाच्या मापावर आला. बाही उन्हाळ्यात घालणं किती जिवावर येतं, ते गोठ्यात काम करणारालाच विचारावं.

काय बदललं, काय नाही

तीन महिन्यांनी समोरून हात १५५ अंश, बाजूने १४५. मोठी कॉर्ड गेली, बारीक अजून बोटाला लागते पण अडवत नाही. ओढीचं दुखणं दहापैकी सहावरून एकवर. वेणी स्वतः घालतात, ब्लाउज स्वतः चढवतात, भाकरी दोन्ही हातांनी.

दंडातली आग सहावरून चारवर येऊन थांबली. ब्लाउजच्या बाहीचं अस्तर अजून आहे. यात माझ्या हातांचा वाटा नाही. जे काही उतरलं ते स्पर्शाच्या सरावाने, गोळीने आणि काळाने. बोटांचं धरणं मी टेबलावर कितीही वेळ घालवला असता तरी तसंच राहिलं असतं. डॉक्टरांनी लेट्रोझोल थोडे दिवस थांबवून त्याच गटातली दुसरी गोळी दिली, त्यानंतर सकाळचा ताठरपणा निम्म्यावर आला. काकू त्याआधी गोळी परस्पर बंद करायच्या बेतात होत्या, आणि हे कुणाला बोलल्या नव्हत्या. सांधे दुखतात म्हणून पाच-पाच वर्षांचा औषधोपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका आहेत. फिजिओच्या टेबलावर अर्धा तास निवांत गप्पा होतात, म्हणून असं काही तिथे कानावर येतं. ते फाइलपर्यंत पोचवणं हे आमचं काम आहे.

यातलं बरंचसं टळलं असतं का? ब्रिटनमध्ये खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रियांवर झालेली प्रॉस्पर चाचणी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभराने जास्त चांगला चालत होता. काकू माझ्याकडे दहाव्या महिन्यात आल्या. दुसऱ्या आठवड्यात, ड्रेन निघाल्यावर एकदा, आणि रेडिएशन सुरू व्हायच्या आधी एकदा, अशा दोन भेटी झाल्या असत्या तरी कॉर्ड तेव्हाच दिसली असती. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर नेऊन ठेवावा लागतो. तिथेच काकूंना पहिल्यांदा कळलं होतं की हात वर जात नाही. तेव्हा उशीखाली उशी देऊन भागवलं गेलं.

हातांनी करायचे उपचार आता बंद केले आहेत. ओढ उरलेली नाही तर दाबायचं काय? दर तीन महिन्यांनी घेर मोजायचा, व्यायाम आठवड्यातून तीनदा, आग वाढली किंवा नवं काही दुखलं तर आधी डॉक्टर, मग मी. शेवटच्या भेटीत काकूंचा एकच मुद्दा होता: दुसऱ्या म्हशीची धार. "एका म्हशीला दोन्ही हातानं बसतो आता. दुसरी पोराच्या हाताला पान्हा सोडत न्हाई, लई नखऱ्याची हाय." पंधरा दिवस एक वेळची, बाही घालून, मध्ये हात झटकत, मग मापं घेऊन ठरवू, असं ठरलं. काकूंनी दोन्ही वेळची मागितली होती.